तुटून जगणारे निवडुंग

कॅक्टस विकणाऱ्या नर्सरीत एक कुंडी हमखास लक्ष वेधून घेते. राखाडी-तपकिरी, अंगठ्याएवढे गोळे एकावर एक चढलेले आणि त्यांतून काट्यांऐवजी पांढरट कागदी पट्ट्या बाहेर आलेल्या. बोट लावलं तर पट्टी टोचत नाही, नुसती वाकते. नर्सरीवाले त्याला ‘पेपर स्पाइन’ म्हणतात. हौसेने विकत घ्यावं, पिशवीत घालून रिक्षाने घरी आणावं, तर घर येईपर्यंत तीन-चार गोळे पिशवीच्या तळाशी सुटे पडलेले आणि कुंडीत उरलेला एक बुटका खुंट. नव्या माणसाला वाटतं, कुजकं झाड आपल्या गळ्यात मारलं. झाड ठणठणीत असतं. टेफ्रोकॅक्टस आर्टिक्युलॅटस या निवडुंगाची जगण्याची रीतच सुटं होण्याची आहे.

हा निवडुंग पश्चिम अर्जेंटिनाचा. अँडीज पर्वताच्या पूर्व पायथ्याशी मेंदोसा, सान हुआन, ला रिओहा, कातामार्का हे प्रांत पसरलेत. पॅसिफिककडून येणारा ओलावा पर्वतापलीकडेच संपतो. सह्याद्रीच्या आड माणदेश कोरडा राहतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथला पर्वत सहा हजार मीटरच्या वर चढलेला. त्यामुळे पाऊस जेमतेम, आणि पडलाच तर उन्हाळ्यातल्या एखाद्या वादळी सरीत. अशा दगडगोट्यांच्या उतारावर बी रुजून त्याचं झाड होणं म्हणजे नशिबाचा भाग. त्यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे गोळ्या-गोळ्यांमधला सांधा कच्चा ठेवणं. एखाद्या जनावराचा पाय लागला, पाण्याचा लोंढा आला की गोळे निखळतात, घरंगळत जातात, कुठल्याशा दगडाच्या आडोशाला अडकतात आणि तिथेच मूळ धरतात. मातीत पुरायचीही गरज नाही. गोळ्याची जी बाजू जमिनीला टेकते, तिथूनच मुळं फुटतात.

टेफ्रोकॅक्टससारख्या छोट्या ओपन्शियांचा नाद लागलेल्या माणसाला पहिल्यांदा शिकावं लागतं ते हे. कॅक्टसचे इतर शौकीन अखंड, डौलदार, भूमितीत बसवल्यासारखं झाड जपतात. इथे झाडालाच अखंड राहायचं नसतं.

या ओपन्शिया कुळाचा आपल्या ओळखीचा सदस्य म्हणजे गावाकडच्या कुंपणावरचा फड्या निवडुंग. त्याच्याकडे नीट पाहिलं की सगळ्या भाऊबंदांची लक्षणं कळतात. खोड एकसंध नसून फड्यांचं, म्हणजे तुकड्यांचं बनलेलं. नव्या कोवळ्या फड्यावर काही दिवस टिकणारी, बारीक सुळक्यांसारखी हिरवी पानं. बियांना हाडासारखं कठीण वेष्टण. आणि फड्यावर ठिकठिकाणी छोट्या गाद्या, त्यांत मोठ्या काट्यांच्या बुडाशी दाटीने बसलेली कुसळं. (चीक निघाला तर ते झाड या कुळातलं नव्हे. तीनधारी निवडुंग आणि शेर ही युफोर्बियाची मंडळी आहेत, त्यांचा अमेरिकेशी संबंध नाही.)

कुसळांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हा छंद सोडून देणारे बहुतेक जण यांच्यामुळेच सोडतात. मोठा काटा टोचतो, रक्त येतं, आपण तो काढून टाकतो आणि विसरतो. कुसळ केसापेक्षा बारीक, दोन-तीन मिलिमीटरचं; नुसत्या स्पर्शाने गादीतून सुटतं आणि कातडीत शिरतं. भिंगाखाली धरलं तर त्याच्या अंगावर उलट्या दिशेने वळलेले खवले दिसतात. म्हणून आत जाताना सहज जातं, बाहेर येताना अडतं आणि चोळलं तर आणखी खोल जातं. सर्वांत लबाड म्हणजे ‘बनी इअर’ या नावाने विकला जाणारा मेक्सिकोचा ओपन्शिया मायक्रोडॅसिस. त्याला लांब काटेच नाहीत, पिवळ्या किंवा पांढऱ्या मखमली ठिपक्यांनी फडे भरलेले. त्या प्रत्येक ठिपक्यात कुसळांचा गठ्ठा असतो. ऑफिसच्या टेबलावर आणि लहान मुलांच्या खोलीत ठेवायला म्हणून हे झाड खपवलं जातं, याचं नवल वाटतं.

हाताळायला हातमोजे वापरू नयेत. कापडी मोज्यांत कुसळं अडकून बसतात आणि पुढच्या वेळी आतून टोचतात. वर्तमानपत्राची चौपदरी घडी करून तिचा पट्टा झाडाभोवती धरावा, नाहीतर स्वयंपाकघरातला जुना चिमटा टोकांना स्पंज गुंडाळून कामाला लावावा. एवढं करूनही कुसळं लागलीच तर आधी दिसतील तेवढी बारीक चिमट्याने उपटावीत. मग त्या जागी फेव्हिकॉलचा थर देऊन वर पातळ गॉज बसवावं आणि पूर्ण वाळल्यावर ते एकदम सोलून काढावं. उरलेली बरीचशी त्याबरोबर येतात. तोंडाने ओढायचा प्रयत्न मात्र करू नये. जिभेत गेलेलं कुसळ निघत नाही.

आता जरा मूळ गावांकडे. कातामार्का प्रांतात टेफ्रोकॅक्टस जिओमेट्रिकस मिळतो. जवळजवळ परिपूर्ण गोल असे निळसर-हिरवे गोळे, थंडीत आणि कडक उन्हात जांभळट होणारे. रंग सोडला तर कोणीतरी बेसनाचे लाडू एकावर एक रचलेत असंच वाटतं. काटे काही झाडांना आखूड, खाली वाकलेले. काहींना अजिबात नाहीत. साल्ता प्रांतातल्या टेफ्रोकॅक्टस मोलिनेन्सिसला काटा नसतोच, तपकिरी कुसळांचे झुपके तेवढे असतात. आणखी दक्षिणेकडे पॅटागोनियाच्या वाऱ्यात टेरोकॅक्टस ही प्रजाती राहते. जमिनीवर तिच्या पेन्सिलीएवढ्या तपकिरी काड्या दिसतात, खरं झाड खाली मोठ्या कंदात असतं. हिवाळा आला की काड्या सुकतात, गळतात. कंद वाट बघतो. या प्रजातीचं फूल खोडाच्या अगदी शेंड्यातच रुतलेलं येतं, फळही तिथेच पिकतं आणि त्यातून निघणाऱ्या चपट्या बियांना कडेने पातळ पंख असतात. वाऱ्यावर उडणाऱ्या पंखवाल्या बिया निवडुंगांच्या अख्ख्या कुळात दुसऱ्या कोणाकडे नाहीत. जिथे वारा थांबतच नाही, तिथे त्याचा उपयोग करून घेणारं झाड निघावं हे रास्तच.

पॅटागोनियातल्याच एका बुटक्या ओपन्शियाशी चार्ल्स डार्विनचं नाव जोडलेलं आहे. १८३३ च्या डिसेंबरअखेरीस ‘बीगल’ जहाज पोर्ट डिझायर, म्हणजे आजच्या पुएर्तो देसेआदोला लागलं. उजाड, कोरडा किनारा. तिथे डार्विनला जमिनीलगत वाढणारा एक निवडुंग फुललेला दिसला. त्याने फुलात काडी घातली, मग बोटाचं टोक घातलं. पुंकेसर हलले आणि आतल्या बाजूला मिटले. पाकळ्याही मिटल्या, पण जरा सावकाश. केंब्रिजमधले त्याचे गुरू हेन्स्लो यांनी १८३७ मध्ये या झाडाचं वर्णन छापलं आणि त्याला ओपन्शिया डार्विनी असं नाव दिलं. आज तो मायहुएनिऑप्सिस डार्विनी म्हणून ओळखला जातो.

पुंकेसरांची ही हालचाल ओपन्शियाच्या बऱ्याच जातींत दिसते. उन्हाळ्यात फड्या निवडुंगाचं पिवळं फूल मिळालं तर गवताची काडी पुंकेसरांच्या बुडाशी हलकेच फिरवून बघावी. मधमाशी मकरंदासाठी तळाशी घुसली की पुंकेसर तिच्यावर झुकतात, आणि बाहेर पडताना तिला परागांच्या दाटीतून अंग घासत यावं लागतं. डार्विनने काडीने केलं ते काम एरवी माशी करते.

अँडीजमध्येच उत्तरेकडे, पेरूमध्ये चार हजार मीटरवर ऑस्ट्रोसिलिंड्रोपन्शिया फ्लोकोसा पांढऱ्या लोकरीने झाकलेल्या ढिगांसारखा पसरतो. लांबून मेंढ्या बसल्याचा भास होतो. दुसऱ्या टोकाला ओपन्शिया फ्रॅजिलिस कॅनडात ५६ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोचला आहे. एवढ्या उत्तरेला दुसरा कुठलाही निवडुंग जात नाही. थंडी लागली की तो अंगातलं पाणी कमी करतो, सुरकुततो, जमिनीवर आडवा पडतो. पेशींतला रस दाट झाल्यामुळे तो सहजी गोठत नाही, आणि उणे चाळीस अंशांतून झाड सुखरूप बाहेर येतं. त्याचे फडेही आर्टिक्युलॅटससारखे अंगठ्याएवढेच, तितकेच सुटे होणारे. जनावरांच्या केसांत अडकून ते गवताळ प्रदेशभर फिरतात. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन निवडुंगांनी प्रसाराची एकच तोड काढावी, ही मला या कुळातली सर्वांत मजेची गोष्ट वाटते.

हे सगळं आपल्याकडच्या गच्चीवर वाढेल का? काही वाढेल, काही नुसतं जगेल. पश्चिम अर्जेंटिनातल्या मोंते वाळवंटातले टेफ्रोकॅक्टस दख्खनच्या पठारावर छान रमतात. चाळीस अंशांचं ऊन त्यांना नवं नाही. फ्लोकोसासारख्या पर्वतवासींचा हट्ट धरू नये. फ्रॅजिलिस जगतो, पण कडाक्याची थंडी न मिळाल्याने मरगळलेला राहतो.

कारण या झाडांच्या श्वासात आहे. निवडुंग दिवसा रंध्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, म्हणजे पाणी वाया जात नाही. पण त्यासाठी रात्र थंड हवी. रात्रीही पारा सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली उतरत नसेल तर झाडाची कमाई कमी आणि खर्च जास्त. म्हणून मुंबईत आणि कोकणात हे छोटे ओपन्शिया फुगतात, मऊ पडतात आणि एखाद्या ओल्या आठवड्यात बुडापासून कुजतात. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या आसपास थंडी पडते, तेवढ्यावरही त्यांचं बरंच भागतं.

माती म्हणायची ती नावापुरतीच. दोन भाग खडे आणि एक भाग कुजलेलं, चाळलेलं खत हे प्रमाण ठीक. खडे म्हणजे क्रशरवर मिळणारी बारीक कच धुऊन, विटांचे तुकडे, सिंडर, प्युमिस, जे जवळपास मिळेल ते. कोकोपीटने भरलेल्या कुंडीत आलेलं झाड घरी आणल्याबरोबर बदलावं. कोकोपीट भिजलं की आठवडाभर ओलं राहतं आणि पूर्ण वाळलं की पाणी आत घेत नाही, दोन्ही वाईट. टेरोकॅक्टसला कंदासाठी खोल कुंडी, आर्टिक्युलॅटसला पसरट. त्याचे पडलेले गोळे तिथल्या तिथेच रुजतात.

उन्हाच्या बाबतीत तडजोड नाही. खिडकीत ठेवलेल्या जिओमेट्रिकसचा नवा गोळा गोल येतच नाही; लांबुडका, फिकट, काकडीच्या वळणाचा येतो आणि तसाच कायम राहतो. मागाहून उन्हात ठेवून जुना गोळा सुधारत नाही. तो काढून टाकायचा आणि पुढच्याची वाट बघायची. गच्चीवर दिवसभराचं ऊन हवं. नर्सरीतून शेडनेटखालचं झाड आणलं असेल तर मात्र त्याला आठ-पंधरा दिवसांत हळूहळू उन्हाची सवय करावी, नाहीतर पांढरे चट्टे पडतात.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. या झाडांना पावसाळ्याचं पाणी चालतं, तसं ते मूळ गावीही उन्हाळ्यात येतं. चालत नाही ती सलग आठवडाभराची रिपरिप. त्यामुळे वर पारदर्शक पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या, एवढी सोय हवी. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याखाली वारा खेळता राहिला तर मग पाणी आपल्या हातात राहतं. कुंडी पूर्ण कोरडी झाल्यावर भरपूर द्यायचं, मग पुन्हा कोरडी होऊ द्यायची. नोव्हेंबरनंतर पाणी तोडत जायचं. गोळे सुरकुततात, काही गळतातही. त्याने घाबरून पाणी घालणारे लोक पुढच्या मोसमात फूल आलं नाही म्हणून तक्रार करतात. आर्टिक्युलॅटसचं पांढरं-गुलाबी फूल कुंडीत दुर्मीळच आहे, कारण ते शेंड्याकडच्या गोळ्यावर येतं आणि आपण कुंडी उचलठेव करून तोच गोळा पाडतो. कोरडी थंडी, भरपूर ऊन आणि एका जागी न हलवलेली कुंडी, एवढं केलं तर शक्यता वाढते.

कीड म्हटली की पिठ्या ढेकूण. पांढरा कापूस गोळ्यांच्या बेचक्यांत लपतो. कधी मुळांवर असतो आणि कुंडी बदलेपर्यंत पत्ता लागत नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून टिपावं, मुळांवर असेल तर सगळी माती फेकून मुळं धुवावीत. मात्र कापूस चिरडल्यावर बोट गडद लाल झालं तर तो पिठ्या ढेकूण नव्हे, त्याचा नातेवाईक कोचिनियल आहे. या किड्याच्या लाल रंगाचा व्यापार करायचा म्हणून १७९५ मध्ये इंग्रजांनी तो ब्राझीलहून भारतात आणला. आणला तो चुकीच्या जातीचा. त्याचा रंग हलका निघाला, पण इथे माजलेला एक ओपन्शिया त्याने खाऊन साफ केला. कीड वापरून तण काबूत आणण्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण मानतात, आणि ते घडलं अपघाताने. फड्या निवडुंगाला त्या किड्याने तोंड लावलं नाही. त्यासाठी १९२६ मध्ये सिलोनहून दुसरी जात आणावी लागली. आजही रानातल्या फड्या निवडुंगावर पांढरा कापूस दिसतो तो तिचाच. गावाकडून फडा आणून संग्रहाशेजारी लावणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं.

आता संग्रहाचं. ओपन्शियांचा संग्रह करणाऱ्याला पैशांपेक्षा ओळखी लागतात. एक गोळा पडला की एक झाड तयार. तो मित्राला देता येतो, मित्राकडचा आपल्याला येतो. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या प्रदर्शनात किंवा कुठल्याही निवडुंगप्रेमींच्या बैठकीत अशी देवाणघेवाण सहज होते. मात्र तुकड्याबरोबर नाव गेलं नाही तर त्याचं मोल निम्म्यावर येतं. जाणकार संग्राहक नुसतं नाव मागत नाहीत, क्षेत्र-क्रमांक मागतात. ज्याने ते झाड किंवा बी मूळ जागी गोळा केलं त्याची आद्याक्षरं आणि एक आकडा. त्यावरून डोंगर, उंची, साल कळतं. जिओमेट्रिकसची दोन झाडं सारखी दिसली तरी ती दोन खोऱ्यांतली असू शकतात. शिवाय तुकड्यांनी वाढवलेली सगळी झाडं मुळात एकच झाड असतं. ती एकमेकांत फुलवली तरी बहुधा बी धरत नाहीत. क्षेत्र-क्रमांक ठाऊक असेल तर वेगळ्या मूळ झाडाचा जोडीदार शोधता येतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी. पेनाची आणि मार्करची शाई आपल्या उन्हात उडून जाते.

नावं तर या झाडांहून जास्त सुटी होतात. अर्जेंटिनाचे वनस्पतिशास्त्रज्ञ रोबेर्तो किसलिंग यांनी १९८२ मध्ये पुना नावाची प्रजाती मांडली. तीत क्लाव्हारिऑइडिस हा विचित्र निवडुंग होता: तपकिरी, टोकाला पसरट, कधी कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, वाळक्या मातीत पटकन न दिसणारा. डीएनएच्या अभ्यासानंतर तो मायहुएनिऑप्सिसमध्ये गेला, आणि पुनामध्येच नंतर वर्णन झालेला बोनिए टेफ्रोकॅक्टसमध्ये. जुन्या चिठ्ठ्या फेकू नयेत. नवं नाव खाली लिहावं, जुनं राहू द्यावं. विकणारे अजून जुनीच नावं वापरतात.

पडलेल्या गोळ्यावरून झाड होतं तिथे रानातून झाडं उपटायचं कारण काय? कारण सगळे ओपन्शिया आर्टिक्युलॅटससारखे उदार नाहीत. क्लाव्हारिऑइडिस अतिशय सावकाश वाढतो, त्याचा कंद जमिनीत खोल असतो, आणि म्हाताऱ्या झाडाचा आकार कुंडीत पिढीभरात तयार होत नाही. २०१५ मध्ये झालेल्या जागतिक मूल्यमापनात निवडुंगांच्या सुमारे दीड हजार जातींपैकी ३१ टक्के धोक्यात असल्याचं दिसलं, आणि धोक्यातल्या निम्म्याच्या जवळपास जातींना संग्राहकांचा व्यापार नडत होता. २०२० मध्ये इटलीत चिलीच्या वाळवंटातून चोरलेले हजाराहून जास्त निवडुंग पकडले गेले. त्यांतले आठशेहून अधिक पुढच्या वर्षी विमानाने परत पाठवले. ते ओपन्शिया नव्हते, पण ती हाव तीच. निवडुंगांची आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्री साइटीस कराराखाली येते, त्यामुळे परदेशातून पाकिटात घालून परवान्याविना मागवलेला तुकडा बेकायदा ठरतो. ज्या झाडाला मुळांशी जखमा आहेत, अंगावर मातीचे जुने डाग आहेत आणि विकणारा ते कुठून आलं हे सांगत नाही, ते घेऊ नये.

क्लाव्हारिऑइडिस हवाच असेल तर कलमाचा घ्यावा. पेरेस्किऑप्सिसवर किंवा दुसऱ्या जोमदार ओपन्शियावर बांधलेला तुकडा भराभर वाढतो. जाणकारांना तो फुगीर दिसतो आणि ते नाक मुरडतात. मुरडू देत, त्या झाडासाठी डोंगर उकरलेला नसतो.

सुरुवात मात्र आर्टिक्युलॅटसपासूनच करावी. सुटा गोळा आठवडाभर सावलीत ठेवून सांध्याची जखम वाळू द्यावी, मग खड्यांवर नुसता टेकवून ठेवावा. मुळं येईपर्यंत पाणी नाही. हात बसला की टेरोकॅक्टस, मग जिओमेट्रिकस. बिया पेरायच्या असतील तर त्यांचं हाडासारखं वेष्टण कानशीने एका बाजूने हलकं घासावं, बियांना काही आठवडे फ्रिजमध्ये थंडी दाखवावी. इतकं करूनही त्या एकदम उगवत नाहीत. काही दोन महिन्यांनी, काही पुढच्या वर्षी. वर्षभरात काहीच दिसलं नाही म्हणून कुंडीतली माती फेकून देऊ नये. चिठ्ठी लावून पत्र्याखाली कोपऱ्यात ठेवावी आणि बाकीच्या कुंड्यांना पाणी घालताना तिलाही घालावं.